चतुःसीमा

त्या रात्री मला फक्त एक फोन नंबर हवा होता. जुलैचा शेवटचा आठवडा होता आणि पाऊस तीन दिवस एकाच सुरात लागला होता. कोल्हापुरात आमच्या शुक्रवार पेठेत संध्याकाळपासून माणसं छत्र्या घेऊन पंचगंगेचं पाणी बघायला जात होती आणि परतताना दारात उभं असलेल्या प्रत्येकाला न विचारता सांगत होती, "जामदार क्लबपाशी आलंय." या पेठेत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना यापुढचं काही सांगावं लागत नाही. माझा जीव मात्र गावाकडं लागला होता. तिथं काकू एकटी, वय ७८. दुपारी बोलणं झालं तेव्हा "ओढ्याला फुग आलीया, बघूया" एवढं म्हणाली, म्हणजे नदीचं पाणी ओढ्यात उलटं चढत होतं, आणि मधेच आवाज तुटला. नंतर तिचा फोन लागेना, शेजारच्यांचा लागेना, डेअरीत काम करणाऱ्या पोराचाही लागेना. गावची लाईट गेली की थोड्या वेळात टॉवरही बंद पडतो हे ठाऊक असून मी पुन्हा पुन्हा तेच नंबर फिरवत होते. रात्री अकराच्या सुमाराला आठवलं, आपल्या गावाची आता वेबसाईट झालीय. तिथं कुणाचा तरी नंबर असेल. सरपंचांचा, शिपायाचा, कुणाचाही.

वेबसाईट उघडली. वर नारळाच्या झाडांचा फोटो होता. आमच्या गावात नारळाची झाडं दोन, तीही मळ्यातल्या एका घरामागं. खाली मजकूर होता: 'नदीच्या तीरावर वसलेले आमचे गाव निसर्गसौंदर्याने नटलेले असून येथील हवामान वर्षभर आल्हाददायक असते. बारमाही वाहणारी नदी गावाच्या सौंदर्यात भर घालते. गावातील लोक कष्टाळू, मनमिळाऊ व आतिथ्यशील असून सर्व सण-उत्सव गुण्यागोविंदाने साजरे करतात.' त्याच्या पुढच्या ओळीत, गावाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध असलेल्या ग्रामपंचायतीचं नाव होतं. ते आमच्या गावाचं नव्हतं. दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचं होतं, मी कधी न ऐकलेल्या. एकदम खाली 'संपर्क' असं लिहिलं होतं आणि त्याच्यासमोर दहा शून्यं.

मी ती दहा शून्यं कितीतरी वेळ बघत बसले.

काकू सुखरूप होती. गल्लीतल्या बायकांबरोबर शाळेच्या वरच्या मजल्यावर गेली होती, म्हैस त्याआधीच माळावरच्या पाहुण्यांकडं बांधून आली होती. तिसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा पहिलं वाक्य बोलली, "चूल भिजली गं, बाकी काय न्हाई." म्हणजे त्या दहा शून्यांमुळं कुणाचं काही बिघडलं, असं म्हणता येणार नाही. खरा नंबर असता तरी त्या रात्री तो लागला नसताच. पण ते नदीचं वाक्य माझ्या मनातून जाईना. भांडी घासताना, बस थांब्यावर, झोप लागता लागता ते परत यायचं. बारमाही वाहणारी नदी गावाच्या सौंदर्यात भर घालते.

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात एक दगडी खांब आहे. त्यावर ऑइलपेंटच्या आडव्या रेघा आहेत आणि रेघांपुढं वर्षं: ८९, २००५, २०१९, २०२१. ८९ ची रेघ माझ्या खांद्याशी येते. २०१९ च्या रेघेला हात वर करून, टाचा उचलूनही माझी बोटं पोचत नाहीत. त्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोक्याच्या ४३ फुटांवरून ५५ फुटांच्याही वर गेलं होतं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता आणि शहरात पेट्रोल-दुधासाठी रांगा लागल्या होत्या. पाणी उतरल्यावर मी गावी गेले. कुजलेल्या उसाचा तो गोडसर, डोकं धरणारा वास अजून नाकात आहे. वाकळा भिंतीवर वाळत घातल्या होत्या आणि त्या इतक्या जड झाल्या होत्या की दोघींनी मिळून उचलाव्या लागत होत्या. काकूच्या लग्नाचा फोटो काचेला चिकटून राहिला, कागद सोडवायला गेलं की चेहरा सुटून येत होता. तिनं तो तसाच काचेसकट उन्हात ठेवला. पण हीच काकू पहिलं गढूळ पाणी ओढ्यात शिरलं की खण-नारळ घेऊन ओटी भरायला जाते, तेही खरं. कार्तिकात पहाटे नदीवरून धुकं उठतं, गुऱ्हाळाचा धूर त्यात मिसळतो, बंधाऱ्यावरून पाणी पडल्याचा आवाज घरात अंथरुणावर ऐकू येतो, तेव्हा मलाही ती नदी सुंदर वाटते. त्या वाक्यात तसं खोटं काहीच नव्हतं, मला टोचत होतं ते हेच. ते लिहिताना कुणी नदीकडं बघितलं नव्हतं, खांबाकडं बघितलं नव्हतं, आणि तरी ते चुकलं नव्हतं, कारण चुकायला त्यात काही ठेवलंच नव्हतं.

एका रात्री मी ते वाक्य उचलून शोधलं. ते सापडत गेलं. या गावात, त्या गावात, या जिल्ह्यात, त्या जिल्ह्यात. कुठं 'तीरावर' ऐवजी 'काठावर' होतं, कुठं 'मनमिळाऊ' आधी आणि 'कष्टाळू' नंतर. एक गाव अशा भागातलं निघालं जिथं उन्हाळ्यात टँकर येतो. तिथंही नदी बारमाही वाहत होती. मी दोन वाजेपर्यंत वाचत राहिले. सगळ्या गावांची हवा आल्हाददायक, सगळ्या गावांना सांस्कृतिक वारसा, सगळ्या ग्रामपंचायती पारदर्शक, गतिमान आणि लोकाभिमुख. माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ४ च्या १७ बाबींचं पान प्रत्येक ठिकाणी होतं. कायद्यानं त्या बाबी फार विचार करून मागितल्या आहेत: कोण काम करतो, त्याचे अधिकार काय, पगार किती, पैसा कुठं खर्च झाला. आमच्या गावच्या पानावर १७ मथळे ओळीनं होते आणि प्रत्येकाखाली कोरी जागा. आमच्या मजकुरात ज्या गावाचं नाव चुकून राहिलं होतं, ते मात्र मला सापडलं नाही. त्या गावाबद्दल मला विनाकारण माया वाटू लागली. तिथल्याही कुणाला कधी रात्री नंबर हवा झाला असेल. आमचं नाव आणखी कुठल्या गावाच्या पानावर राहिलं असेल का, असाही विचार आला.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा एका ग्रामपंचायतीत संगणकावर बसतो. पश्चिमेकडच्या डोंगरातली दोन गावं त्याच्याकडं आहेत, मोटारसायकलवर ये-जा करतो. दाखले देतो, नमुना ८ चे उतारे काढून देतो, घरफाळ्याच्या पावत्या करतो, म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत म्हणून त्यांची बोटं आपल्या रुमालानं पुसून परत लावतो. पोरगं कामाचं आहे, हे मी मावशी म्हणून सांगत नाही. त्याला विचारलं तर तो मोकळेपणानं म्हणाला, "मावशी, चार दिवसांत करायचं हुतं. ग्रुपवर वरनं फॉरमॅट आला. ज्यानं साईट केली त्यानंच मजकूर दिला, नाव तेवढं बदलायचं. बदलताना एखाद्या ठिकाणी ऱ्हातं." मी म्हटलं, "अरे, पण तुझ्या गावात सतीचा केवढा दगड आहे, करवंदाची जाळी आहे, ते एक वाक्य तरी." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लिवलं असतं की. खरं, कुणी विचारलंच न्हाई, गावात काय हाय म्हणून. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता."

रकानाच नव्हता. त्या शब्दानं मला आण्णांच्या टेबलापाशी नेऊन उभं केलं.

माझे वडील अर्ज आणि दस्त लिहायचे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाजवळ त्यांचं टेबल असायचं. आता त्याच इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. टेबलावर मराठी टाइपरायटर, त्याच्यावर पावसाळ्यात मेणकापड, ड्रॉवरमध्ये कार्बन आणि टाचण्या, आणि आण्णांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कायमचा निळा डाग. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. सीपीआरच्या दारातून औषधांचा वास यायचा, समोरच्या गाड्यावरून भज्यांचा. त्यांची भाषा साच्याचीच होती, एक शब्द इकडचा तिकडं नाही. 'लिहून घेणार', 'लिहून देणार', 'कारणे खरेदीपत्र लिहून देतो ऐसे जे'. मग 'तुकडी जिल्हा कोल्हापूर, पोटतुकडी तालुका करवीर, मौजे', आणि इथं ते थांबायचे. मौजेच्या पुढं जागा सोडलेली. गट नंबरपुढं जागा सोडलेली. हेक्टर-आरपुढं, आकारापुढं. आणि मग ते चार शब्द, एकाखाली एक: पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस. चतुःसीमा. दस्तातल्या बाकी ओळी हजार माणसांच्या एकसारख्या असतील, पण या चार ओळी दोन माणसांच्या कधी सारख्या होत नाहीत. एका जमिनीच्या चहूबाजूंना जे आहे ते दुसऱ्या कुठल्याच जमिनीच्या चहूबाजूंना नसतं.

आण्णा समोरच्या माणसाला विचारायचे, "पूर्वेला काय?" "भावाचं रान." "दक्षिणेला?" "पाणंद." "पश्चिमेला?" एकदा पन्हाळ्याकडचा एक म्हातारा पश्चिमेला नुसतं "डोंगार" म्हणाला. आण्णांनी बोटं यंत्रावरून उचलली. "डोंगर कुणाचा? गायरान का फॉरेस्टचा? मधी बांध हाय का ओघळ?" म्हातारा गोंधळला. जन्म तिथं गेलेला, पण असं कुणी विचारलं नव्हतं. आण्णांनी कागद काढून ठेवला आणि म्हणाले, "बघून या." दोन दिवसांनी म्हातारा परत आला. आता त्याला सांगण्यासारखं एवढं होतं की आण्णांना ओळ पुरेना. ओघळ होता, ओघळाच्या अलीकडं बांध होता, बांधावर सामाईक आंबा होता आणि आंब्याची अर्धी फळं कुणाची यावर जुना तंटा होता. आण्णांनी सगळं मांडून घेतलं. शेवटी नेहमीची ओळ आली, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. ती मला कवितेसारखी पाठ होती. म्हाताऱ्यानं ती ऐकताना हात जोडले होते. त्या माणसाला अक्षर येत नव्हतं, पण कागद आपल्या रानाबद्दल बोलतोय हे त्याला कळत होतं.

म्हणून साच्याच्या भाषेवर सरसकट राग काढणं मला जमत नाही. मी त्याच भाषेवर वाढले. पुराच्या दिवसांत कोल्हापुरात सकाळी सगळ्यात आधी वाचला जातो तो मजकूरही साच्याचाच असतो. तारीख, वेळ, राजाराम बंधारा, इतके फूट, इतके इंच. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. पाण्याखालचे बंधारे: भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, तारळे, कासारीवरचा यवलूज, पंचगंगेवरचे शिंगणापूर, सुर्वे, रुई, तेरवाड. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी कुठले उघडले, प्रत्येकातून १४२८ क्युसेक. वर्षानुवर्षं तेच शब्द, बदलतात फक्त आकडे आणि नावं, आणि त्या आकड्यांकडं जिल्हा डोळे लावून बसतो. चहाच्या गाड्यावर "रात्रीत पाच इंचानं वाढलं" एवढं म्हटलं की सुतारवाड्यातली माणसं सामान बांधायला घेतात. ज्यांना आकडा नको असतो ते शिवाजी पुलावर जाऊन दगडी खांबांकडं बघतात आणि "मच्छिंद्री झाली", म्हणजे पाणी खांबांवरच्या ओळखीच्या खुणेला लागलं, म्हणत परततात. त्या पत्रकात नदीला कुणी सुंदर म्हणत नाही, बारमाही म्हणत नाही. तरी ते वाचताना नदी दिसते.

आमच्याकडचे बंधारे म्हणजे तर राज्यभर गेलेला साचा. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव जिथं कोल्हापूर कुणी पाहिलेलं नाही तिथल्या शेतकऱ्याच्याही तोंडी असतं. दगडी खांब आणि खांबांच्या मधे मोकळी जागा. पावसाळा सरला की त्या जागेत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं. पावसाच्या आधी बरगे काढायचे आणि नदीला वाट द्यायची. लहानपणी बरगे घालताना बघायला आम्ही पोरं काठावर बसायचो. ओल्या लाकडाचा वास, माणसांच्या एकसाथ हाका, आणि फटीतून शेवटचं उसळणारं पाणी. खांबांची रचना सगळीकडं सारखी, पण किती खांब, किती उंच, हे ज्या त्या नदीचं माप घेऊन ठरवावं लागतं. आणि मधली जागा सोडलीच नाही, नुसती भिंत घातली, तर पहिल्याच पुरात काय होईल ते काठावरचं पोरगंसुद्धा सांगेल.

आणि हे करवीर आहे. १९०२ च्या २६ जुलैला इथल्या गॅझेटात शाहू महाराजांचा हुकूम छापला गेला, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्यायच्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिना १ रुपया दंड ठरवला. ती भाषाही सरकारीच होती. पण तीत शेकडा किती ते होतं, दंड किती ते होतं, कुणाला ते होतं. शेतात काम करणाऱ्या बापाला तो रुपया कळत होता.

दिवाळीत गावी गेले तेव्हा ग्रामपंचायतीत गेले. जायचं की नाही यावर बराच विचार केला होता. सरपंचबाई माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि आपण होऊनच वेबसाईटचा विषय काढला. त्यांच्या मोबाईलवर त्यांनी ती उघडून दाखवली. पहिल्या पानावर त्यांचा फोटो आहे, नऊवारी नेसलेला, डोक्यावर पदर. "आमच्या सासऱ्यांनी बघितली तर म्हणाले, सूनबाई, आपलं गाव जगात गेलं." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या त्या आनंदापुढं दुसऱ्या गावाचं नाव राहिलंय हे सांगताना माझा आवाज नीट फुटेना. त्यांनी ती ओळ वाचली, दोनदा वाचली. आम्ही दोघी काही बोललो नाही. भिंतीवर फळा होता, त्यावर शिपायानं खडूनं लिहिलं होतं: नळाला पाणी वरच्या आळीला सकाळी ६, खालच्या आळीला ७; कुंभारवाड्यातली मोटार नादुरुस्त आहे, दोन दिवस घागरी भरून ठेवाव्या. अक्षर वेडंवाकडं होतं, 'नादुरुस्त'मधला पहिला उकार राहिला होता, पण ते वाचून कुंभारवाड्यातली बाई घरी जाऊन घागर घेणार होती. सरपंचबाईंनी माझी नजर फळ्यावर गेलेली बघितली. म्हणाल्या, "ताई, तुम्ही द्या की लिहून. नाव आणि नंबर मी आजच बदलायला सांगते. बाकीचं तुम्ही द्या."

तेव्हापासून कागद टेबलावर आहे. पहिल्या प्रयत्नात 'निसर्गरम्य' हा शब्द माझ्याही हातून गेला. इतका सहज गेला की मलाच दचकायला झालं. हाताला वळण लागलेलं असतं. तो खोडला. मग आण्णांसारखं करून बघितलं. वर 'मौजे' लिहिलं, तालुका लिहिला आणि खाली चार शब्द. पूर्वेस लिहिलं: नदी, आणि तिच्या काठचं मारुतीचं देऊळ, ज्याच्या खांबावर पुराच्या रेघा आहेत, पावसात बाहेरून येणाऱ्यानं आधी त्या बघाव्या. दक्षिणेस: पाणंद, जी ओढ्याला फुग आली की सगळ्यात आधी बंद होते; तेव्हा माळावरून यावं. पश्चिमेस: माळ, शाळा, शाळेचा वरचा मजला आणि तिथली किल्ली ज्यांच्याकडं असते त्या घराची खूण.

उत्तरेस काय लिहावं हे कळेना. माझ्या आठवणीत तिकडं चिंचा होत्या आणि चिंचांपलीकडं शेजारच्या गावची शीव. काकूला फोन केला. ती म्हणाली, "चिच्चा कवाच गेल्या गं. एकोणीसच्या पाण्यात एक गेली, एक रस्त्यात गेली." मग तिकडं आता काय आहे? "रस्ता झालाय. खरं, शीव रस्त्याच्या अलीकडं का पलीकडं, ते काय मला सांगाय यायचं न्हाई. त्यावरनं भांडणं हाईत." शीवेचा दगड आहे का अजून, विचारलं. ती बराच वेळ आठवत राहिली. मागं म्हैस ओरडत होती.

"तूच येऊन बघून जा," म्हणाली.

उत्तरेसपुढची जागा सोडून ठेवली आहे. येत्या रविवारी पहिल्या एसटीनं जाणार आहे.